'मिटवून टाका' म्हणणाऱ्यांनो, सायकलवाल्याचा हिशोब एकदा मांडू या

भोसरी-चाकण पट्ट्यात सायकलवाल्याला गाडीने उडवलं की पहिल्या दहा मिनिटांत तीन वाक्यं हमखास कानावर येतात. पहिलं, "सायकलवालाच मध्ये आला." दुसरं, "ना लायसन, ना नंबर, ना इन्शुरन्स, याला कसली भरपाई?" आणि तिसरं, सगळ्यात गोड आवाजात म्हटलं जाणारं, "जाऊ द्या भाऊ, गरीब माणूस आहे ड्रायव्हर, मिटवून टाका."

पहिलं वाक्य बरेचदा खोटं असतं. दुसरं कायद्याने चूक आहे. आणि तिसऱ्या वाक्यापायी कामगाराचं घर बसतं. आजची पोस्ट तिसऱ्यावर आहे. लांब आहे, पण शेवटपर्यंत वाचा. कारण तुमच्या कंपनीतला हेल्पर, तुमच्या सोसायटीचा वॉचमन किंवा तुमच्याकडे भाड्याने राहणारी पोरं, कुणावरही उद्या ही वेळ येऊ शकते.

मी भोसरीत राहतो आणि गेली बारा वर्षं सायकलने कामावर जातो. रविवारी हेल्मेट-चष्मा घालून लोणावळ्याला जाणारा सायकलवाला मी नव्हे. त्यांच्याबद्दल माझं काही म्हणणं नाही, चांगलंच आहे ते. पण या पट्ट्यातला खरा सायकलवाला वेगळा आहे. मोशी, कुरुळी, नाणेकरवाडी, खराबवाडी, महाळुंगे, खालुंब्रे इथे एका खोलीत पाच-सहा जण राहतात. कुणी बीडचा, कुणी लातूरचा, कुणी बिहार-ओडिशाचा. कंत्राटी नोकरी. कंपनीची बस असते ती परमनंट लोकांना. शेअर रिक्षाचे रोजचे पैसे परवडत नाहीत. मग सेकंडहॅण्ड सायकल. पहाटे पहिल्या शिफ्टला किंवा रात्री दुसरी शिफ्ट सुटल्यावर ट्रेलर, कंटेनर आणि डंपरच्या मधून हा माणूस जातो, डब्याची पिशवी हँडलला अडकवून. रस्ता त्याच्याही कराचा आहे. साबण-तेल-मोबाइल रिचार्ज घेताना तोही कर भरतो.

आता कायदा काय म्हणतो ते साध्या भाषेत.

मोटार वाहन कायदा १९८८. या कायद्यात सायकल हे 'मोटार वाहन' नाही. म्हणून तिला नोंदणी लागत नाही, चालवणाऱ्याला लायसन लागत नाही, विमा लागत नाही. हेल्मेटची सक्ती आहे ती मोटारसायकलला. लोक याचा उलटा अर्थ काढतात, की कागद नाहीत म्हणजे हक्क नाहीत. खरं तर सायकलवाला हा विम्याच्या भाषेत 'थर्ड पार्टी' आहे, त्रयस्थ व्यक्ती. आणि कलम १४६ प्रमाणे रस्त्यावर येणाऱ्या प्रत्येक मोटार वाहनाला थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे तो नेमका याच माणसासाठी. टेम्पोमालक दरवर्षी जो प्रीमियम भरतो, तो त्याच्या बंपरसाठी नाही. तो तुम्हाला-मला धडक बसली तर द्यायच्या पैशांसाठी आहे.

म्हणजे भरपाई गरीब ड्रायव्हरच्या खिशातून जात नाही. गाडीचा विमा चालू असेल तर ती विमा कंपनीने द्यायची असते. ड्रायव्हरकडे योग्य लायसन नव्हतं अशा प्रकरणांतही कोर्टांनी अनेकदा विमा कंपनीला आधी पैसे द्यायला लावलेत आणि नंतर मालकाकडून वसूल करायला सांगितलंय. मग "गरीब ड्रायव्हर" हे कारण पुढे करून मिटवण्यात फायदा कुणाचा? ड्रायव्हरचा नाही, उलट चौकात पाच-दहा हजार त्याच्याच खिशातून जातात. जखमीचा तर नाहीच. फायदा होतो तो विमा कंपनीचा, जिने प्रीमियम घेतला आणि जिच्यापर्यंत दावा पोचलाच नाही. आणि त्या मालकाचा, ज्याच्या गाडीचा विमा संपलेला आहे आणि जो ते लपवतोय. पुढच्या वेळी कुणी फार घाईने मिटवायला आलं की आधी विम्याचा कागद मागा. तोंडाचा रंग बघा.

आता हिशोब. समजा ३३ वर्षांचा कामगार, पगार महिना १५,०००. घरी बायको, दोन पोरं, म्हातारी आई. कामावर जाताना डंपरखाली गेला. चौकातला किंवा मयतीच्या घरी येणारा मध्यस्थ काय म्हणतो? "दोन लाख घ्या, क्रियाकर्माचे वेगळे देतो, कोर्टकचेरीत काय मिळणार?"

सुप्रीम कोर्टाने भरपाई कशी मोजायची याचं गणित सरला वर्मा (२००९) आणि प्रणय सेठी (२०१७) या दोन निकालांत घालून दिलंय. चाळिशीच्या आतला आणि परमनंट नसलेला माणूस असेल तर पुढच्या पगारवाढीपोटी ४० टक्के धरायचे. म्हणजे १५,००० चे झाले २१,०००. घरात चार जण अवलंबून, म्हणून त्याच्या स्वतःच्या खर्चापोटी पाव हिस्सा वजा. राहिले १५,७५०. वर्षाचे १,८९,०००. ३१ ते ३५ वयाला गुणक १६. एकूण ३०,२४,०००. अंत्यविधी वगैरेच्या रकमा याच्या वर, आणि व्याज वेगळं.

तीस लाख चोवीस हजार विरुद्ध दोन लाख. 'मिटवणं' म्हणतात ते हे. कामगाराच्या बायकोकडून अठ्ठावीस लाख काढून घेतले जातात आणि वर तिनेच हात जोडायचे, साहेबांनी मदत केली म्हणून.

जखमी झाला तर? तिथेही कोर्ट नुसता पाय किती टक्के गेला ते बघत नाही. कमवायची ताकद किती गेली ते बघतं. राजकुमार विरुद्ध अजय कुमार या २०१० च्या निकालाने हे स्पष्ट केलंय. खुर्चीत बसणाऱ्याचा घोटा मोडणं आणि आठ तास प्रेसवर उभं राहणाऱ्याचा घोटा मोडणं यात फरक आहे. औषधं, बुडालेले खाडे, सोबत राहणाऱ्याचा खर्च, मोडलेली सायकल, सगळं दाव्यात मागता येतं.

आणि चूक कुणाची हे सिद्धच करायचं नसेल तर कलम १६४ आहे. मृत्यूला ५ लाख, गंभीर दुखापतीला अडीच लाख, निष्काळजीपणा दाखवायची गरज नाही. गाडी पळून गेली, नंबरच मिळाला नाही, तरी २०२२ च्या योजनेनुसार मृत्यूला २ लाख आणि गंभीर जखमीला ५० हजार मिळतात. तो अर्ज जिथे अपघात झाला तिथल्या तालुक्याच्या महसूल अधिकाऱ्याकडे, म्हणजे तहसीलदार किंवा प्रांताकडे जातो, मंजुरी जिल्हाधिकारी देतात. या पट्ट्यात रात्रीच्या वेळी धडक देऊन पळणारे कमी नाहीत. पण हा अर्ज तहसील कार्यालयात करायचा असतो हे किती जणांना माहीत आहे? मी माझ्या शॉपमध्ये विचारलं. कुणालाच नाही.

आता "सायकलवालाच मध्ये आला" याचं बघू. कधी कधी येतोही, मी नाकारत नाही. उलट्या बाजूने येतो, मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही. पण उलट्या बाजूने का येतो? कारण समोर दिसणाऱ्या कंपनीच्या गेटला जायला पुढच्या कटपर्यंत जाऊन परत यायचं, तेही ट्रेलरच्या रांगेतून. तरीही चूक ती चूक. सायकलवर बसलो म्हणून सगळं माफ नाही. बेदरकार चालवण्याचं भारतीय न्याय संहितेचं कलम २८१ 'कोणतंही वाहन' म्हणतं, म्हणजे आपल्या सायकलने म्हातारीला पाडलं तर आपल्यालाही ते लागू शकतं.

पण नीट ऐका. सायकलवाल्याची थोडी चूक होती म्हणून भरपाई शून्य होत नाही. चुकीच्या प्रमाणात कापली जाते. वरच्या उदाहरणात कोर्टाने ३० टक्के चूक मयताची धरली, तरी घरच्यांना २१ लाखांच्या वर मिळतात. शिवाय वाहनचालकांसाठीचे २०१७ चे जे केंद्राचे नियम आहेत, त्यात पादचारी, सायकलस्वार, लहान मुलं, वृद्ध आणि अपंग यांची विशेष काळजी घेणं हे चालकाचं कर्तव्य म्हणून लिहिलेलं आहे. मोठ्या गाडीवर मोठी जबाबदारी, हे कायद्यानेच सांगितलंय.

आता पोलिसांकडे येऊ. दोन वर्षांपूर्वी आमच्या इथल्या एका कंत्राटी पोराला पिकअपने मागून ठोकलं. नडगीचं हाड मोडलं. मी त्याच्याबरोबर होतो. ठाण्यात आधी तीन तास बसवलं, मग "कशाला लफड्यात पडता" झालं, मग एनसी लिहून हातात कागद दिला. बाहेर मालकाचा माणूस उभाच होता आठ हजार घेऊन. पोराने घेतले, स्टॅम्प पेपरवर सही केली. पायात प्लेट टाकायचा खर्च त्याच्या बापाने गावाकडची म्हैस विकून भरला. ठाण्याचं नाव मी लिहीत नाही, कारण हे एका ठाण्याचं दुखणं नाही.

बेदरकार गाडी चालवणं (कलम २८१) आणि त्यातून दुखापत करणं (कलम १२५) हे दखलपात्र गुन्हे आहेत. त्याची एनसी होत नाही, एफआयआर होतो. एफआयआरची प्रत तक्रारदाराला फुकट द्यावी लागते. हद्द कुणाची यावरून परत पाठवता येत नाही, झिरो एफआयआर घ्यावाच लागतो. ठाण्याने नाही घेतला तर वरिष्ठांना लेखी पाठवायची सोय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये आहे. आणि मृत्यूचा गुन्हा, कलम १०६, हा तर तडजोडीचा गुन्हाच नाही. तो मध्यस्थाला 'मिटवता' येत नाही. स्टॅम्प पेपरवरची सही पुढे न्यायाधिकरणात तुमच्याच विरुद्ध दाखवली जाते, एवढाच तिचा उपयोग.

याहून महत्त्वाचं सांगतो. २०२२ पासून नियम आहे की पोलिसांनी ४८ तासांत अपघाताचा पहिला अहवाल मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे पाठवायचा. सविस्तर अहवाल ९० दिवसांत. आणि न्यायाधिकरण पोलिसांच्या अहवालालाच भरपाईचा अर्ज म्हणून धरू शकतं. डिसेंबर २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने गोहर मोहम्मद प्रकरणात हे सगळं काटेकोर पाळा म्हणून आदेश दिले. म्हणजे पोलिसांनी आपलं काम केलं तर दवाखान्याच्या दारात कार्ड वाटणाऱ्या एजंटची गरजच उरत नाही. पण एनसी झाली की अहवाल नाही. अहवाल नाही तर दावा लंगडा. कामगाराच्या हक्काची पहिली वीट तिथेच निखळते.

त्यात सहा महिन्यांचं घड्याळ. १ एप्रिल २०२२ पासून दावा अपघातापासून सहा महिन्यांच्या आत करायचा अशी मुदत आली. ज्याच्या पायाला चार महिने प्लास्टर, जो गावाला जाऊन पडलाय, त्याला सहा महिने! या मुदतीला सुप्रीम कोर्टात आव्हान आहे आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये कोर्टाने तूर्त मुदतीच्या कारणावरून दावे फेटाळू नका असं सांगितलंय. पण तो अंतरिम आदेश आहे. त्याच्या भरवशावर झोपू नका.

ड्युटीवर जाताना अपघात झाला असेल तर आणखी एक बाजू आहे. धाराशिवकडच्या एका साखर कारखान्याचा रखवालदार २२ एप्रिल २००३ ला पहाटे तीनच्या ड्युटीसाठी निघाला आणि कारखान्यापासून पाच किलोमीटरवर अपघातात गेला. कामगार भरपाई आयुक्तांनी घरच्यांना सव्वातीन लाख दिले, हायकोर्टाने काढून घेतले, कारण अपघात कारखान्याबाहेर झाला. २९ जुलै २०२५ ला सुप्रीम कोर्टाने ते परत दिले. घरून कामावर जाताना झालेला अपघात, वेळ-जागा आणि कामाचा संबंध जुळत असेल तर, नोकरीतलाच अपघात धरायचा असं सांगितलं. बावीस वर्षं लागली. ईएसआय कायद्यात तर ही तरतूद २०१० पासून आहेच. म्हणून ठेकेदार "गेटच्या बाहेर झालं, आमचा संबंध नाही" म्हणाला तर मान डोलावू नका. ईएसआय नंबर शोधा आणि अपघाताची लेखी माहिती द्या.

गाडीने नाही, खड्ड्याने पाडलं तर? ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई हायकोर्टाने सांगितलं की खड्डे आणि उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू झाल्यास ६ लाख आणि जखमीला ५० हजार ते अडीच लाख, रस्ता ज्याचा त्या यंत्रणेने द्यायचे. महापालिका असो, पीडब्ल्यूडी असो की हायवेवाले. तळेगाव-चाकण रस्त्यावर पावसाळ्यात सायकल चालवणाऱ्यांनी हे तोंडपाठ करावं.

आता रस्त्यांबद्दल चार वाक्यं. जानेवारी २०२६ मध्ये पुणे ग्रँड टूर झाली. आंतरराष्ट्रीय सायकल शर्यत, जिल्ह्यात ४३७ किलोमीटरचा मार्ग. त्यासाठी रस्ते काचेसारखे झाले, खड्डे बुजले, पट्टे मारले. शर्यतीला माझा विरोध नाही, मीही बघायला उभा होतो. पण त्यातून एक गोष्ट सिद्ध झाली की सायकलसाठी रस्ता चांगला करता येतो. फक्त सायकलवर कोण बसलंय त्यावर ते ठरतं. नाशिक फाटा ते खेड उन्नत मार्गाला केंद्राने ऑगस्ट २०२४ मध्ये मंजुरी दिली, ३० किलोमीटर, ७,८२७ कोटी. वरून गाड्या जातील. खाली सायकलवाल्याला किती फूट जागा आहे? कुणी आमदार-खासदार सांगेल का? मोटार नसलेल्या वाहनांसाठी आणि पादचाऱ्यांसाठी नियम करायचा अधिकार राज्याला कलम १३८(१अ) ने २०१९ च्या दुरुस्तीपासून दिलेला आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने सगळ्या राज्यांना सहा महिन्यांत हे नियम करा असं सांगितलंय. त्या नियमांत चाकणचा हेल्पर असला पाहिजे, नुसता रविवारचा सायकलवाला नको.

मागण्या मोठ्या नाहीत. पिंपरी-चिंचवड आयुक्तालयाच्या प्रत्येक ठाण्यात जखमीचे हक्क मराठी-हिंदीत भिंतीवर लावा. सायकल-पादचारी अपघातात एनसी घेणं बंद करा आणि ४८ तासांचा अहवाल गेला की त्याची प्रत जखमीला द्या. कंपन्यांनी सुरक्षा सप्ताहात नुसती शपथ घेण्यापेक्षा ठेकेदाराच्या कामगारांच्या सायकलींना दिवे-रिफ्लेक्टर लावून द्यावेत आणि गेटवरचं सीसीटीव्ही मागितलं की जपून ठेवावं. एमआयडीसीने अंतर्गत रस्त्यांवर सायकलची पट्टी आखावी आणि त्यावर कंटेनर उभे राहू देऊ नयेत.

आणि आपण काय करायचं? हे फोनमध्ये सेव्ह करा.

१. आधी १०८ किंवा ११२. अपघाताच्या जखमीवर तातडीने उपचार करणं दवाखान्यावर बंधनकारक आहे. मे २०२५ च्या केंद्राच्या योजनेत दीड लाखापर्यंत, सात दिवस कॅशलेस उपचार आहेत. त्यासाठी पोलिसांना कळवणं गरजेचं, म्हणून लपवू नका. मदत करणाऱ्याला कायद्याचं संरक्षण आहे (कलम १३४अ), घाबरून पुढे निघून जाऊ नका.

२. गाडीच्या नंबरचा, गाडी आणि सायकल जशी पडली तशीचा फोटो काढा. साक्षीदाराचा नंबर घ्या. जवळच्या दुकानाचं, कंपनीचं सीसीटीव्ही त्याच दिवशी लेखी मागा, फुटेज थोड्याच दिवसांत पुसलं जातं.

३. केस पेपरवर "पडून लागलं" लिहू देऊ नका. "अमुक नंबरच्या गाडीने धडक दिली" असंच लिहायला लावा आणि एमएलसी झाली का विचारा. या एका ओळीवर लाखोंचे दावे पडतात.

४. एफआयआरची प्रत घ्या. जबाब वाचून दाखवायला सांगा, मगच सही.

५. कोऱ्या कागदावर, स्टॅम्पवर सही नाही. रोख घेऊन मिटवायचं नाही.

६. पगाराचा पुरावा जमवा. पावती नसेल तर बँक पासबुक, ईएसआय-पीएफ नंबर, गेटपास.

७. सहा महिन्यांच्या आत दावा. राहता तिथल्या किंवा अपघात झाला तिथल्या हद्दीतल्या न्यायाधिकरणात करता येतो. वकिलाला पैसे नाहीत? विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ च्या कलम १२ प्रमाणे औद्योगिक कामगार, महिला, अनुसूचित जाती-जमातीचे लोक यांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. पुण्याच्या जिल्हा कोर्टात त्यांचं कार्यालय आहे. एमआयडीसीत काम करणाऱ्यासाठी ही एक ओळ सोन्याची आहे.

पुढच्या वेळी चौकात गर्दी जमली आणि कुणीतरी म्हणालं, "मिटवून टाका", तर तुम्ही गर्दीतून एवढंच विचारा, "गाडीचा विमा कुठाय?" बाकीची भांडणं नंतर. आणि ही पोस्ट मराठी वाचता न येणाऱ्या तुमच्या शेजारच्या खोलीतल्या पोरांना हिंदीत वाचून दाखवा. सगळ्यात आधी तिसरा आणि पाचवा मुद्दा.